‘फेटाळणे’ आणि ‘निकाल देणे’ : करविषयक अपिलांच्या पुनःस्थापनेसंबंधी

आषाढात मालवणच्या किनाऱ्यावर होड्या वर ओढून ठेवलेल्या असतात. त्या मोडीत निघाल्या असे कोणी म्हणत नाही. नारळी पौर्णिमा झाली की त्या पुन्हा पाण्यात लोटल्या जातात. कोर्टकचेरीच्या मराठीत मात्र अडून राहिलेल्या आणि संपुष्टात आलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या अपिलांना ‘फेटाळले’ हे एकच क्रियापद लावण्याचा प्रघात आहे. या प्रघातामुळे कोणता अर्थभेद लोपतो, हे करविषयक अपिलांच्या एका विशिष्ट वर्गावरून चांगले उमगते.

सरकारी खाते आणि सरकारच्याच मालकीचा उपक्रम यांनी परस्परांविरुद्ध सार्वजनिक पैशाने दावे लढवू नयेत, या हेतूने सर्वोच्च न्यायालयाने तेल व नैसर्गिक वायू आयोगाच्या प्रकरणात १९९१ साली अशा वादांची छाननी करणारी समिती स्थापण्याचा आदेश दिला. समितीची अनुमती असल्याखेरीज न्यायालयांनी व न्यायाधिकरणांनी अशी प्रकरणे पुढे चालवू नयेत, असे ठरले. मुदत टळू नये म्हणून अपील दाखल करण्यास मात्र प्रत्यवाय नव्हता; ही गोष्ट पुढे १९९४ आणि २००४ च्या आदेशांत स्पष्ट करण्यात आली.

व्यवहारात याचा परिणाम असा झाला की, अपील मुदतीत दाखल होई, अनुमती येत नसे आणि अखेर त्या एका कारणास्तव अपील फेटाळले जाई. कराची मागणी योग्य की अयोग्य, हा मूळ प्रश्न अनुत्तरितच राही. पुढे १७ फेब्रुवारी २०११ रोजी इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडियाच्या प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ही व्यवस्थाच मागे घेतली. सारख्याच वस्तुस्थितीत एका प्रकरणी अनुमती मिळते व दुसऱ्या प्रकरणी नाकारली जाते, शिवाय विलंबामुळे महसुलाची हानी होते, असे न्यायालयास आढळून आले.

यानंतर जुनी अपिले पुनःस्थापित करण्याचा प्रश्न उभा राहिला. येथे दोन गोष्टी पृथक् ठेवणे अगत्याचे आहे. गुणावगुणांवर दिलेला निर्णय पुन्हा उघडणे ही एक गोष्ट. ज्यावर निर्णय झालाच नाही ते अपील सुनावणीस घेणे ही दुसरी. पुनःस्थापनेत दुसरीच गोष्ट घडते. तथापि अडसर दूर झाल्यानंतरही अर्जदार वर्षानुवर्षे स्वस्थ बसला असेल, तर त्या काळाचा हिशेब त्याला द्यावाच लागतो. १९६३ च्या मुदत अधिनियमाचे कलम ५ ‘पुरेसे कारण’ मागते. आणि सरकारी कारभाराची संथ गती हे आपोआप पुरेसे कारण ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली पोस्टमास्टर जनरल विरुद्ध लिव्हिंग मीडिया या प्रकरणात, ४२७ दिवसांच्या विलंबासंबंधी, बजावले.

मराठीच्या शब्दसंग्रहात हा भेद दाखविण्याचे सामर्थ्य नाही असे नव्हे. ‘दाद’ हा फारसीतून आलेला शब्द मुळात न्याय या अर्थाचा आहे. ‘दाद लागली नाही’ आणि ‘दाद नाकारली’ यांतील अंतर मराठी माणसास सहज कळते. यास्तव ‘अनुमतीअभावी काढून टाकले’ आणि ‘गुणावगुणांवर फेटाळले’ असे दोन स्वतंत्र प्रयोग रूढ होणे इष्ट होय.

१८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे फिरते खंडपीठ कोल्हापूर येथे सुरू झाले असून सिंधुदुर्ग जिल्हा त्याच्या कक्षेत आला आहे. उच्च न्यायालयातील कामकाज इंग्रजीत चालत असले, तरी पक्षकार आपल्या प्रकरणाची वार्ता मराठीतच ऐकतो. कोणतेही अपील तांत्रिक कारणाने बाजूस पडले असता ‘फेटाळले’ एवढेच कानी आले, तर सर्व संपले असे समजून तो घरी बसतो. आणि पुढे ज्या विलंबाची माफी मागावी लागते, त्याचा आरंभ तेथेच होतो.