उरलेल्या चंदीचा चाळीस वर्षांचा हिशेब

1986 साली हाँगकाँगमधल्या पशुवैद्यांनी 195 थरोब्रेड घोड्यांच्या शवविच्छेदनाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. या घोड्यांपैकी 66 टक्क्यांच्या जठरात व्रण होते. जे सरावात असतानाच मेले किंवा मारावे लागले, त्यांच्यात हे प्रमाण 80 टक्क्यांवर गेले होते. निवृत्त घोड्यांत ते निम्म्याच्या आसपास उतरले. रेसच्या घोड्याच्या भुकेचा गेल्या चाळीस वर्षांचा मागोवा या आकड्यांपासून सुरू करणे योग्य, कारण पुढे जे जे कळले त्याचे बीज यातच होते. शर्यती थांबल्या की जठर थोडेफार सावरते, म्हणजे बिघाडाचे मूळ घोड्याच्या जातीत किंवा स्वभावात नसून त्याच्या दिनक्रमात आहे, हे त्याच वेळी वाचता आले असते. ते वाचायला बराच वेळ लागला. मधल्या काळात या धंद्याने घोड्याला काय काय द्यावे याचा शोध घेतला, आणि त्याच्यापासून काय काय काढून घेतले आहे याकडे फारसे पाहिले नाही.

त्याआधीची समजूत साधी होती. रेस झाल्यावर किंवा प्रवासानंतर घोड्याने अर्धी चंदी तशीच ठेवली, तर तो नखरेल, नाही तर नाजूक प्रकृतीचा. मग दाणा बदलायचा, त्यात गूळ घालायचा, मसाला चारायचा, बी-कॉम्प्लेक्सचे इंजेक्शन द्यायचे. हे उपाय करणारे लोक अडाणी होते असे अजिबात नाही. गव्हाणीत किती उरले यावरून घोड्याची तब्येत ओळखणारा मोतद्दार बऱ्याच पदवीधरांपेक्षा चांगला निरीक्षक असतो. अडचण निराळीच होती. जिवंत घोड्याच्या जठरात डोकावायला जवळपास तीन मीटर लांबीची दुर्बीण लागते, आणि माणसांसाठी बनवलेल्या दुर्बिणी तिथवर पोचतच नव्हत्या. 1980 च्या दशकात लांब एंडोस्कोप हाती आले, तेव्हा कुठे हा अवयव घोडा मरायच्या आधी दिसू लागला. 1996 मध्ये सरावातल्या रेसच्या घोड्यांच्या एका पाहणीत 93 टक्क्यांच्या जठरात जखमा आढळल्या. एखादी गोष्ट शंभरातल्या त्र्याण्णवांना होत असेल, तर तिला त्या त्या घोड्याचा दोष कसे म्हणायचे?

यामागची शरीररचना समजून घेतल्याशिवाय पुढचा वाद कळणार नाही. माणसाच्या जठरात आम्ल मुख्यतः जेवणाच्या आगेमागे वाढते. घोड्याच्या जठरात ते चोवीस तास झिरपत राहते, कारण हा प्राणी दिवसाचे सोळा-अठरा तास चरण्यासाठी घडलेला आहे. आम्ल शमवणारी लाळ मात्र चावतानाच सुटते. किलोभर वाळले गवत चावून संपवायला घोड्याला साधारण चाळीस मिनिटे लागतात, किलोभर दाणा तो दहा मिनिटांत उडवतो. म्हणजे गवत कमी करून चंदी वाढवली की पोटात ऊर्जा जास्त जाते आणि लाळ कमी. त्यात जठराचा वरचा भाग अन्ननलिकेसारख्या अस्तराचा, त्याला आम्लापासून संरक्षण जवळजवळ नाही. 2002 मध्ये फ्लोरिडातल्या संशोधकांनी ट्रेडमिलवर घोडे पळवून दाखवले की चाल वाढली की पोटातला दाब वाढतो, जठर आकसते आणि खालचे आम्ल वर चढते. रिकाम्या पोटी सकाळी गॅलप करणाऱ्या घोड्याच्या जठरात रोज हेच घडते. ते अस्तर सोलवटले की दाण्याची चव पालटून काहीही साधत नाही. अशा वेळी पुष्कळ घोडे आधी दाणा सोडतात आणि गवत खात राहतात. त्यालाच नखरे म्हटले जात होते.

हे ज्ञान हळूहळू पसरत असताना तबेल्यांत दुसराच उपाय रुळला होता. स्टॅनोझोलॉलसारखी ॲनाबॉलिक स्टेरॉइड्स अमेरिकेत पशुवैद्यकीय औषधे म्हणून कायदेशीर होती, आणि त्यांच्या अधिकृत उपयोगांत भूक सुधारणे, वजन वाढवणे हेही होते. मुळात ती आजाराने खंगलेल्या प्राण्यासाठी होती. रेसच्या तबेल्यात ती धडधाकट पण थकलेल्या घोड्याला मिळू लागली. घोडा खातो, अंग भरतो, लवकर सावरतो असा त्यांचा लौकिक. 2008 मध्ये केंटकी डर्बी आणि प्रीकनेस जिंकणाऱ्या बिग ब्राउनला स्टॅनोझोलॉल नियमित दिले जाते हे त्याचा ट्रेनर रिक डट्रोने उघड सांगितले. ते तेव्हा नियमबाह्य नव्हते. त्यानंतर अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांनी रेसच्या घोड्यांवर त्यांचा वापर रोखला. 2013 मध्ये इंग्लंडमधल्या न्यूमार्केटला गोडॉल्फिनच्या तबेल्यातल्या स्टेरॉइड प्रकरणात ट्रेनर महमूद अल झरूनी यांच्यावर आठ वर्षांची बंदी आली. चर्चा झाली ती बहुतेक फसवणुकीची, आणि ती व्हायलाच हवी होती. पण आणखी एक प्रश्न त्या गदारोळात बाजूला पडला: इतक्या घोड्यांना भूक लागण्यासाठी संप्रेरके टोचावी लागत असतील, तर त्यांच्या दिनक्रमाविषयी हे काय सांगते?

आम्ल रोखणाऱ्या ओमेप्राझोल या औषधाची गोष्ट याहून प्रामाणिक आहे. 1999 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने घोड्यांसाठी त्याची पेस्ट मंजूर केली. चार आठवड्यांच्या उपचारात सुमारे तीन-चतुर्थांश घोड्यांचे व्रण पूर्ण भरले. हा मोठाच पल्ला होता आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. मात्र त्याच चाचण्यांत हेही दिसले की सराव चालू ठेवून औषध थांबवले की व्रण पुन्हा उमटतात. अलीकडे औषध बंद केल्यावर रक्तातले गॅस्ट्रिन, म्हणजे आम्ल वाढवणारे संप्रेरक, उसळते का, याचाही अभ्यास झाला आहे. शिवाय शर्यतीच्या दिवशी घोड्याच्या अंगात औषध नसावे हा नियम भारतासह अनेक देशांत पाळला जातो; म्हणजे ज्या दिवशी ताण सर्वांत जास्त, त्याच्या आसपासच हे कवच काढून ठेवावे लागते. पेस्ट काम करते तर ती देत राहा, या म्हणण्याला माझे उत्तर इतकेच की पेस्ट आम्ल थांबवते, पण गवताविना गेलेले तास भरून काढत नाही.

त्या तासांचा पुरावा भक्कम आहे. 1990 च्या दशकात एक प्रयोग झाला: घोड्यांना एक दिवस खायला, एक दिवस उपाशी, असे आलटून पालटून ठेवले आणि त्यांच्या जठरात व्रण तयार झाले. पळवायची गरजही पडली नाही. 2000 मध्ये अल्फाल्फा, म्हणजे आपली लसूणघास, खाणाऱ्या घोड्यांच्या जठरातले आम्ल साध्या गवतावरच्या घोड्यांपेक्षा सौम्य आढळले; तिच्यातले कॅल्शियम आणि प्रथिने आम्ल शोषतात. 2009 च्या डेन्मार्कच्या पाहणीत दोन चाऱ्यांमध्ये सहा तासांहून जास्त अंतर आणि दर किलो वजनामागे दिवसाला दोन ग्रॅमपेक्षा जास्त स्टार्च या दोन्हींचा व्रणांशी ठळक संबंध दिसला. पाचशे किलोच्या घोड्याला ही मर्यादा एक किलो स्टार्चची, म्हणजे ढोबळमानाने अडीच किलो ओटची. रेसच्या तबेल्यात याच्या दुप्पट चंदी सहज पडते. पुण्याजवळच्या शेतांत लसूणघास पिकते. मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सला मात्र घोड्याला मोकळे चरायला कुरण नाही, आणि नोव्हेंबर ते एप्रिल मुंबई, जुलैपासून पुढे पुणे असा हंगाम फिरत राहतो. तिथे हाताने घातलेली वैरण हेच चरणे.

यावर ट्रेनर मंडळींचा आक्षेप ठरलेला आहे आणि तो वजनदार आहे. रेसचा घोडा म्हणजे चरणारा घोडा नव्हे. त्याची ऊर्जेची गरज जवळजवळ दुप्पट, ती वाळल्या गवतातून भागत नाही, आणि पोटभर गवत म्हणजे पाठीवर नको असलेले ओझे. यातला ओझ्याचा भाग खरा आहे. गवत आतड्यात पाणी धरून ठेवते आणि ते वजन शर्यतीत वाहून न्यावे लागते. पण तेच पाणी घाम गाळणाऱ्या घोड्याचा साठाही असतो. ऊर्जेच्या बाबतीत स्वीडनमधले काम मोलाचे आहे: तिथे ट्रॉटिंग शर्यतींच्या स्टँडर्डब्रेड घोड्यांना दाण्याशिवाय, केवळ कसदार चाऱ्यावर ठेवून सराव करवला गेला आणि ते सरावाला पुरे पडले. तो चारा लवकर कापलेला, ऊर्जेने भरलेला होता. आपल्याकडच्या वाळल्या डोंगरी गवतावर हा प्रयोग जसाच्या तसा उतरवला तर घोडा वाळेल, हे मान्य केलेच पाहिजे. म्हणून मधला मार्ग: शंभर किलो वजनामागे रोज दीड किलो तरी चारा, त्यात लसूणघासेचा वाटा, चंदी लहान लहान वाट्यांत, उरलेली ऊर्जा तेलातून, आणि सरावाला नेण्यापूर्वी मूठ-दोन मूठ कापलेला चारा, म्हणजे आम्ल वर उडणार नाही. यातले काहीही महाग नाही. तबेल्यातल्या माणसांच्या पाळ्या तेवढ्या बदलाव्या लागतात.

भूक आणि तहान या दोन गोष्टी वेगवेगळ्या मानण्याची चूकही याच काळात सुधारली. घोड्याचा घाम त्याच्या रक्ताइतकाच किंवा त्याहून खारट असतो, त्यामुळे खूप घाम जाऊनही रक्ताचा खारटपणा वाढत नाही आणि तहानेची घंटा वाजत नाही. अशा घोड्यापुढे साध्या पाण्याची बादली ठेवली तर तो दोन घोट घेऊन तोंड फिरवतो, आणि कोरड्या तोंडी वैरण कोण खाणार! आधी मीठ घातलेले पाणी आणि मग साधे, या क्रमाने घोडे एकूण जास्त पाणी पितात, हे प्रयोगांतून दिसले आहे. उलट घट्ट क्षारांची पेस्ट वारंवार तोंडात भरली तर जठराचे व्रण वाढतात, हेही दिसले. रेसनंतर दाणा चढवून स्नायूतला ग्लायकोजेन झटपट भरता येतो हा समज तर पुरता ढासळला: माणसात जे काम दिवसभरात होते त्याला घोड्याला दोन ते तीन दिवस लागतात, घाई करून ते उरकत नाही. 1996 च्या ॲटलांटा ऑलिंपिकच्या तयारीत तापलेल्या घोड्यावर बर्फाचे पाणी ओतल्याने स्नायू आखडतात ही धास्तीही खोटी ठरली. घोडा जितक्या लवकर थंड होतो तितक्या लवकर तो गव्हाणीकडे वळतो.

प्रवासाबद्दलही असेच. इन्व्हिटेशन कप या शर्यतीसाठी घोडे मुंबईहून हैदराबाद, बंगळूर, कोलकात्याला जातात. मान वर बांधून नेलेल्या घोड्याला डोके खाली घालता येत नाही, श्वासनलिकेतला मळ बाहेर पडत नाही, आणि लांबच्या प्रवासानंतरचा फुप्फुसांचा आजार यातूनच जडतो. प्रवास आणि नवी जागा यांच्या ताणाने आठवड्याच्या आत जठरात व्रण उमटतात, हे 2005 च्या सुमाराच्या प्रयोगांनी दाखवले. ठराविक अंतराने थांबून मान सोडणे आणि गवत पुढ्यात ठेवणे, एवढाच त्यावरचा इलाज.

सर्वांत अवघड आक्षेप वैज्ञानिकांकडूनच आला. 2015 च्या युरोपीय तज्ज्ञांच्या निवेदनाने जठराच्या वरच्या आणि खालच्या भागातले आजार वेगळे मानावेत असे ठरवले, आणि व्रण किती गंभीर दिसतो यावरून घोडा किती त्रासात आहे हे ठरत नाही, हेही स्पष्ट केले. खालच्या भागातले विकार गवत वाढवून नीट होत नाहीत आणि ओमेप्राझोललाही कमी दाद देतात. तेव्हा माझा सगळा युक्तिवाद फक्त अर्ध्या जठराला लागू पडतो, असे कोणी म्हटले तर ते चूक नाही. मात्र त्या दुसऱ्या अर्ध्याचे धोके शोधताना जे हाती आले ते पाहा: आठवड्यात पाच किंवा अधिक दिवस काम, आणि सांभाळणारी माणसे अनेक असणे. अलास्कातल्या इडिटारॉड शर्यतीनंतर तपासलेल्या स्लेज कुत्र्यांपैकी जवळपास निम्म्यांच्या जठरात जखमा आढळल्या, आणि कुत्र्याला तर ना चरायचे असते ना दाणा पचवायचा असतो. म्हणजे चारा बदलून जे सुटत नाही ते सुट्टीचे दिवस वाढवून आणि घोड्याला एकच ओळखीचा मोतद्दार देऊन पाहण्याजोगे आहे. याची चाचणी अजून अपुरी आहे. ती रेसकोर्सवर घेणे कठीण, कारण हंगामातले दोन कोरे दिवस मालकाच्या हिशेबात फुकट गेलेले दिवस असतात, आणि मोतद्दार कमी पगारामुळे हंगामागणिक बदलत राहतात.