गुडघ्याची मुदत आणि पदवीची ठेव

नागपुरात संध्याकाळच्या वेळी शिवाजीनगर जिमखान्यावरून जाणाऱ्याला एक आवाज ओळखीचा असतो. कोर्टवर आपटणाऱ्या चेंडूंचा. क्रिकेटवेड्या या शहरात बास्केटबॉलनंही आपली जागा धरून ठेवली आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकला तरी ऊन जरा कललं की मुलं-मुली कोर्टवर हजर. याच शहरातली सिया देवधर भारताच्या संघापर्यंत पोचली, हे या मुलांना तोंडपाठ असतं.

यातली बरीच मुलं दहावी-बारावीला चेंडू माळ्यावर टाकतात. थोडी कॉलेजातही खेळत राहतात. त्यातला एखादा विद्यापीठाच्या संघात येतो, पेपरात त्याच्या नावाच्या दोन ओळी येतात आणि मग एक दिवस त्या घरात एक प्रश्न येऊन बसतो. कुठल्या तरी लीगचं बोलावणं येतं, किंवा खेळाडूंच्या कोट्यातल्या भरतीची जाहिरात निघते. मुलगा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असतो. जावं की थांबावं?

अशा घरातले वडील माझ्यासारख्या निवृत्त बँकवाल्याला गाठतात. ‘‘काका, हे पोट्टं कॉलेज सोडतो म्हणून राहिलं. तुम्ही बँकेत होते, तुम्हीच समजवा न त्याले!’’ मी कादंबऱ्याही लिहितो, हे त्यांना माहीत असतं. पण अशा वेळी कादंबरीकाराला कुणी विचारत नाही, ऑफिसरला विचारतात. तेही बरोबरच आहे. आमचा जन्म दुसऱ्याच्या पैशाची जोखीम मोजण्यात गेला. कर्ज मागायला आलेला माणूस धंदा चालला तर काय होईल, हे रंगवून सांगायचा. आमचा प्रश्न एकच असायचा : नाही चालला तर? मुलाच्या खेळाबद्दलही हाच प्रश्न विचारावा लागतो आणि तो मुलाचा उत्साह न मारता विचारावा लागतो. अवघड आहे ते.

आधी हा ‘गार्ड’ म्हणजे कोण, ते पाहू. बास्केटबॉलमध्ये पाच जण खेळतात. उंचीची माणसं बास्केटजवळ असतात. गार्ड बहुधा संघातला बुटका. चेंडू मागून पुढं आणायचा, कोण मोकळं आहे ते पाहायचं, कुणाला कधी द्यायचा ते ठरवायचं, हे त्याचं काम. शाखेतल्या हेड कॅशियरसारखं. सगळा पैसा त्याच्या हातातून जातो, पण त्याचा नसतो! या जागेवर उंची कमी चालते, अक्कल कमी चालत नाही. आणि खेळ वाचण्याची अक्कल सामने खेळूनच येते. म्हणून गार्ड जरा उशिरा पिकतो. विसाव्या वर्षी मोठ्या संघाच्या बाकावर बसलेल्या गार्डपेक्षा कॉलेजच्या संघात रोज चाळीस मिनिटं खेळणारा गार्ड जास्त शिकतो. हा मुद्दा लक्षात ठेवू, पुढं लागेल.

‘कॉलेज सोडून व्यावसायिक व्हावं का’ हा प्रश्न मूळचा अमेरिकेतला. तिथं कॉलेजचा संघ हाच एनबीएचा जिना. १९७१ मध्ये स्पेन्सर हेवुड नावाचा खेळाडू त्यांच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि कॉलेजची चार वर्षं पुरी होण्याआधी एनबीएत जाण्याची वाट मोकळी झाली. पुढं २००६ पासून नियम आला की एनबीएत यायला वय १९ हवं आणि शाळा सुटून एक वर्ष तरी उलटलेलं हवं. गरीब घरातल्या मुलानं वर्षभर कॉलेजात काढायचं आणि निघायचं, असा रिवाज पडला. त्याला दोषही कसा द्यावा? कॉलेज त्याच्या खेळावर तिकिटं विकणार, टीव्हीचे करार करणार आणि त्याला मात्र फक्त शिष्यवृत्ती. २०२१ च्या जुलैत हे चित्र पालटलं. खेळाडूला स्वतःच्या नावावर जाहिरातीतून कमावण्याची मुभा मिळाली आणि २०२५ च्या जुलैपासून तर कॉलेजांना आपल्या उत्पन्नातला वाटा थेट खेळाडूंना देता येऊ लागला. पहिल्या वर्षाची मर्यादा दर कॉलेजला सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर. आता तिथं चांगला गार्ड थांबला तरी त्याच्या खिशात पैसे पडतात. ‘जाऊ की थांबू’ या प्रश्नातला अर्धा काच तिथं निघून गेला.

आपल्याकडं तो तसाच आहे. कारण आपल्याकडं कॉलेजही पैसे देत नाही आणि जिथं जायचं, तिथंही पैशाचा भरवसा नाही.

पंजाबातल्या बल्लोके गावचा सतनाम सिंग भामरा आठवतो? सात फूट दोन इंच उंचीचा पोर. २०१० मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी तो फ्लोरिडातल्या अकादमीत गेला. कॉलेजात न जाता २०१५ मध्ये थेट एनबीएच्या निवडीला उभा राहिला आणि डॅलस मॅव्हरिक्सनं त्याला ५२ व्या क्रमांकावर निवडलं. एनबीएच्या निवडीत आलेला भारतात जन्मलेला तो पहिला खेळाडू. आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तो दुय्यम लीगमध्ये टेक्सास लेजंड्सकडून खेळला. एनबीएचा एकही सामना त्याला मिळाला नाही आणि पुढं तो व्यावसायिक कुस्तीच्या आखाड्यात गेला. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्याच्या गावातून तो जिथवर गेला, तिथवर कुणीच गेलं नव्हतं. पण निवड होणं आणि खेळायला मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याच्या उदाहरणावरून कळतं.

देशातल्या लीगचं काय? २०१५ मध्ये यूबीए नावाची लीग मोठ्या थाटात आली. मुंबई चॅलेंजर्स, पुणे पेशवाज अशी आपल्याकडची नावंही त्यात होती. २०१७ नंतर ती थांबली. पुढं २०२२ मध्ये महासंघाची आयएनबीएल आली, २०२५ च्या सुरुवातीला पंचविशीच्या आतल्या खेळाडूंसाठी तिचा व्यावसायिक अवतार निघाला. हे चांगलंच आहे, व्हायलाच हवं. पण काही आठवड्यांच्या हंगामासाठी तीन वर्षांची पदवी सोडणं म्हणजे चालू खात्यातल्या दोन दिवसांच्या शिलकीवर घर बांधायला काढणं.

मग भारतातले चांगले बास्केटबॉलपटू जगले कशावर? नोकरीवर. आपल्या देशात ‘व्यावसायिक’ या शब्दाचा खरा अर्थ ‘रेल्वेत लागला’, ‘ओएनजीसीत लागला’, ‘पोलिसात लागला’ असा आहे. भारताचा कर्णधार राहिलेला विशेष भृगुवंशी हा वाराणसीचा गार्ड. तो ओएनजीसीचा कर्मचारी. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेड थर्टीसिक्सर्सनं त्याच्याशी करार केला, तेव्हाही पाठीशी नोकरी होती. मुलींच्या बास्केटबॉलचा कणा तर कित्येक वर्षं रेल्वेच आहे. केरळची गीतू ॲना जोस दक्षिण रेल्वेत असताना ऑस्ट्रेलियात खेळून आली आणि २०११ मध्ये अमेरिकेच्या डब्ल्यूएनबीएच्या चाचण्यांपर्यंत गेली. भारताचं नेतृत्व केलेली आपली पुण्याची शिरीन लिमये हीसुद्धा रेल्वेच्या संघातली.

आता नोकरीच्या कोट्यातली मेख सांगतो. पालकांचं तिकडं लक्ष नसतं. रेल्वेच्या खेळाडू भरतीत पगाराच्या पायऱ्या शिक्षणावर ठरतात. दहावी झालेल्यासाठी सर्वांत खालची पायरी, बारावी झालेल्यासाठी मधली, पदवीधरासाठी त्यावरची. खेळ तोच, पदकही तेच, पण पायरी वेगळी! सरकारी बँकेत साध्या क्लार्कच्या जागेलाही आज पदवी लागते. राज्य शासनाच्या नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा आहेत. तिथंही पदाला लागणारं शिक्षण तुमच्याकडं हवंच. म्हणजे बी.कॉम. अर्धवट टाकून जो मुलगा आज ‘मैदान मारतो’, तो तिशीत आपल्याच बरोबरीच्या खेळाडूच्या दोन पायऱ्या खाली उभा असतो.

माझ्या नोकरीच्या काळात एका शाखेत खेळाडूंच्या कोट्यातून लागलेला सहकारी होता. राज्य पातळीवर खेळलेला. सुरुवातीची वर्षं त्याला सरावाला दुपारी सुटी मिळायची, सामन्यांना रजा मिळायची. मग बँकेचा संघच मोडला. गुडघाही गेला. एका सोमवारी तो काऊंटरवर बसला, तो निवृत्तीपर्यंत. कडवट झाला नाही. संध्याकाळी मुलांना शिकवायचा. पण बढतीच्या परीक्षेची वेळ आली की गप्प व्हायचा. ‘‘साहेब, खेळत होतो तेव्हा वाटायचं, पुस्तक कुठं पळून जातं?’’ असं एकदा म्हणाला होता. पुस्तक पळालं नव्हतं. त्याची ते उघडून बसायची सवय पळाली होती.

पण म्हणून ‘आधी पदवी, मग खेळ’ हेही खरं नाही. ते आपलं मध्यमवर्गीय सोवळं झालं. पदवी तिसाव्या वर्षी मिळवता येते, तिसाव्या वर्षी विशीतले पाय आणता येत नाहीत. आपल्या जिल्ह्यातल्या वलनीचा उमेश यादव पाहा. कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा. पोलिसात, सैन्यात भरतीसाठी धडपडून पाहिलं. ते झालं नाही. मग २००८ मध्ये विदर्भाकडून रणजी खेळला आणि २०११ मध्ये भारताकडून कसोटी. विदर्भाचा पहिला कसोटीपटू! आणि २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेनं त्याला असिस्टंट मॅनेजर म्हणून घेतलं. शिपायाची नोकरी ज्याला मिळाली नाही, त्याच्याकडं बँक चालत आली. कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेची वाट उलटी. तो २०१५ पासून रेल्वेत. तिकीट तपासनिसाची नोकरी सांभाळत नेमबाजी करत राहिला आणि २०२४ मध्ये पॅरिसला ऑलिंपिकचं कांस्यपदक घेऊन आला. एकाला खेळानं नोकरी दिली, दुसऱ्याला नोकरीनं खेळू दिलं. दोन्ही वाटा खऱ्या. पण क्रिकेटकडं पैसा आहे आणि नेमबाजी चाळिशीपर्यंत करता येते. बास्केटबॉलला आपल्याकडं यातलं एकही सुख नाही.

तेव्हा माझं मत विचाराल तर, कॉलेजातल्या गार्डनं थांबावं. पण बसून राहू नये. थांबायचं ते रोज खेळायला मिळतं म्हणून. आंतरविद्यापीठ स्पर्धा पंचविशीच्या आतच खेळता येतात. ती वर्षं पुन्हा येत नाहीत आणि गार्डला घडवणारी वर्षं नेमकी तीच.

आणि बोलावणं आलंच, तर तीन गोष्टी विचाराव्यात. पहिली : तिथं मी खेळणार, की बाकावर बसणार? दुसरी : गुडघा गेला तर शस्त्रक्रियेचा खर्च कोण करणार? हे कागदावर लिहिलेलं हवं. प्रशिक्षकाच्या तोंडी आश्वासनावर बँक कर्ज देत नाही, तुम्ही मुलगा देऊ नका. तिसरी : करार संपल्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्या हातात काय उरेल? तिन्हींची उत्तरं समाधानाची असतील, तर मुलाला अडवू नये. खुशाल पाठवावं.

त्यातही कॉलेजशी धागा तोडायचं कारण उरलेलं नाही. २०२१ पासून देशात श्रेयांकांची बँक सुरू झाली आहे. आमच्यासारखीच, फक्त तिथं पैशाऐवजी उत्तीर्ण झालेल्या विषयांचे श्रेयांक जमा होतात. एक-दोन वर्षं केलेला अभ्यास खात्यात राहतो आणि साधारण सात वर्षांच्या आत परत येऊन पुढं चालू करता येतो. शिवाय १९८९ पासून नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहेच. कॉलेज सोडण्याआधी प्राचार्यांच्या खोलीत जाऊन एवढी चौकशी करणारे पालक मला फार थोडे भेटले. दाखला काढायला मात्र सगळे जातात.

कॉलेजांनीही थोडं द्यायला हवं. विद्यापीठाची जर्सी घालून मुलगा परराज्यात खेळत असतो आणि इकडं त्याचा पेपर बुडतो. ज्याच्या करंडकाचा फोटो प्रॉस्पेक्टसवर छापायचा, त्याची परीक्षा दोन आठवड्यांनी पुन्हा घेण्यात अडचण काय? अमेरिकेनं खेळाडूला थांबवण्यासाठी डॉलर मोजले. आपल्याला एक वेळापत्रक बदलायचं आहे.

शेवटी मला गाठणाऱ्या वडिलांना मी उलट एक प्रश्न विचारतो : तुम्ही मुलाचा शेवटचा सामना कधी पाहिलात? बहुतेक जण खाली बघतात. प्रमाणपत्रं पाहिलेली असतात, ट्रॉफ्या पुसून शोकेसमध्ये ठेवलेल्या असतात, पण पुरा एक सामना बसून पाहिलेला नसतो. तो पाहावा. चेंडू हातात आल्यावर आपला मुलगा कुणाकडं बघतो, हरत असताना काय करतो, बाकावरून उठून मैदानात जाताना त्याचा चेहरा कसा असतो, हे एकदा डोळ्यांनी पाहावं. मग घरी जाऊन त्याच्याशी बोलावं. त्यानंतर तो जाईल किंवा थांबेल; निदान निर्णय घेणाऱ्या दोघांनाही, आपण कशाबद्दल बोलतो आहोत, हे माहीत असेल.