मोजकी जनावरं, अख्खा दिवस

पहाटे साडेपाच

जुन्नरच्या पट्ट्यात कार्तिकात नीट दिसायला लागेपर्यंत साडेसहा होतात. त्यामुळे गोठ्याचं दार उघडण्याआधी विजेरीचा झोत कुंपणाकडे, शेवरीच्या रांगेकडे आणि शेजारच्या उसाच्या कडेने फिरवायचा. इथला बिबट्या उसातच राहतो, उसातच वितो. माणिकडोहचं बिबट्या निवारा केंद्र याच तालुक्यात आहे. आमची कुत्री शांतपणे आळस देत उठली, तर मी पुढे पाऊल टाकते.

दीड एकरावर सात उस्मानाबादी शेळ्या, एक डांगी गाय, तिची कालवड आणि वीसेक गावरान कोंबड्या. नोकरी संपल्यावर आम्ही दोघांनी हौसेने मांडलेला हा संसार, पण जनावराच्या पोटाला हौस कळत नाही. पाऊस असो, घरी पाहुणे असोत, दिवाळी असो, दार याच वेळी उघडावं लागतं.

आत शिरलं की आधी वास घ्यायचा. डोळ्यांना झोंबणारा मुताचा वास आला, तर खालचा भुसा बदलायची वेळ झाली. मग लेंडी बघायची: सुटी, गोल, कोरडी असली की बरं. आणि सगळ्यात शेवटी कोण उठतं ते बघायचं. दुखणारी शेळी आवाज करत नाही, ती फक्त मागे राहते.

सहा

धार. डांगी गाय मूळची इगतपुरी-अकोल्याच्या अतिपावसाच्या डोंगरांतली. तिची कातडी तेलकट असते, पाणी अंगावरून निथळून जातं, खूर काळे आणि कठीण. दुधाला ती मोठी नव्हे. सकाळी दीड-दोन लिटर, तेही कालवडीने आधी तोंड लावल्यावर. कालवड सोडली, तिने दोन ढुशा दिल्या की गाय पान्हा सोडते, आणि तिथून पुढची पाचेक मिनिटंच खरी हातात असतात. तेवढ्यात कास मोकळी झाली नाही, तर दूध वर राहतं.

प्रत्येक सडाची पहिली धार काळ्या वाटीत. त्यात दह्यासारखे कण दिसले, तर दगडी सुरू होतेय असं समजायचं. कास कठीण आणि गरम होईपर्यंत वाट पाहिली, तर तो सड कायमचा जाऊ शकतो. धार झाल्यावर गव्हाणीत वैरण टाकतो. सडाचं तोंड मिटायला अर्धा तास लागतो आणि तेवढा वेळ गाय उभी राहायला हवी. लगेच शेणात बसली, तर घाण थेट आत जाते. माझ्या आजीकडेही धारेनंतरच वैरण पडायची, त्यामागचं कारण मला इथे आल्यावर कळलं.

साडेसात

खुराडं उघडलं, पाणी बदललं, धान्यात शिंपल्यांचा चुरा मिसळला. या दिवसांत अंडी कमी होतात. कोंबडीला अंडी देण्यासाठी लांब दिवस लागतो आणि कार्तिकात उजेड साडेअकरा तासांच्या आसपास उतरतो. एक अंडं तयार व्हायला दिवसाहून थोडा अधिक वेळ जातो, म्हणून ती रोज जराशी उशिरा बसते आणि मग एखादा दिवस वगळते. दिवे लावून तिला जास्त घालायला लावता येतं. आम्ही लावत नाही. तिलाही थंडीत पिसं भरून घेऊ द्यावीत.

एक तांबडी खुडूक बसली आहे. तिच्याखाली अंडी ठेवून आठवडा झाला, आज रात्री विजेरीवर धरून बघायची. ज्यात लाल शिरांचं जाळं दिसेल ती ठेवायची. पिल्लं एकविसाव्या दिवशी.

साडेनऊ

शेळ्या आत्ता बाहेर. कळपवाले लवकर सोडतात, मी दव उडेपर्यंत थांबते. जंतांची पिल्लं ओल्या गवताच्या पात्यावर चढून बसतात, पान सुकलं की खाली उतरतात. शेळी मुळात गवतापेक्षा झाडपाल्याची शौकीन, त्यामुळे बांधावरची बोर, बाभूळ, हादगा हीच तिची खरी ताटं.

मदतीला येणाऱ्या मावशी सोबत असतात. त्या शेळी अडवतात, मी खालची पापणी ओढून आतला रंग बघते. लालबुंद असेल तर ठीक. फिकी, पांढुरकी असेल तर पोटातला जंत रक्त पितो आहे. औषध त्याच शेळीला. सगळ्यांना सरसकट पाजत राहिलं की जंत त्या औषधाला दाद देईनासा होतो, आणि मग खऱ्या गरजेच्या वेळी हातात काही उरत नाही.

"ताई, ही बघा, हिची पापणी कालच्यापेक्षा फिकी वाटतीय," मावशी म्हणाल्या. मला फरक दिसला नव्हता. पुन्हा उन्हात धरून पाहिलं, खरंच फिकी होती.

गावात जो तो सांगतो, शेळ्या वाढवा, पन्नास करा, अनुदान मिळतं. धंदा करायचा असेल, तर सल्ला योग्य आहे. मी मात्र रोज जेवढ्या पापण्या बघू शकेन तेवढ्याच शेळ्या ठेवीन. कोणाची कालची पापणी कशी होती हे आठवणं, हेच लहान गोठ्याचं मोठं औषध आहे.

दुपारी एक

गाय जांभळीखाली बसून रवंथ करते आहे. दिवसाचे सात-आठ तास तिचे यातच जातात. तिच्या डाव्या कुशीवर मूठ दाबून धरली की आतलं पोट हाताला ढकलतं. दोन मिनिटांत दोन-तीनदा ढकललं की पचन चालू आहे. कूस ढोलासारखी फुगली आणि रवंथ थांबली, तर पोटफुगी, आणि तिथे उशीर चालत नाही. १९६२ हा फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा क्रमांक गोठ्याच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहिलाय.

त्याखाली लशींचा तक्ता. पावसाळ्याआधी शेळ्यांना आंत्रविषार, गाईला घटसर्प-फऱ्या. लाळ्या-खुरकुताची वर्षातून दोनदा. २०२२ साली लम्पी आली, तेव्हा जनावरांच्या अंगावर गाठी उठलेल्या पाहिल्या. तेव्हापासून माश्या आणि गोचीड ही मला किरकोळ बाब वाटत नाही.

चार

कडब्याची कुट्टी, लसूणघास, भिजवलेली सरकी पेंड. शेजारच्या ज्वारीच्या रानात कापणीनंतर कोवळे फुटवे आले आहेत, हिरवेगार, आणि गाईची नजर तिकडेच. ती वाट मी बंदच ठेवते. त्या कोवळ्या पोंग्यांतलं विष पोटात गेलं, तर जनावर घटकाभरात आडवं होतं.

साडेसहा

कोंबड्या आपसूक आत चढतात. मोजून दार लावायचं. शेळ्यांच्या खोलीला वरूनही जाळी आहे, कारण बिबट्या भिंतीवरून उतरतो. मग कडुलिंबाच्या पाल्याचा धूर.

रात्री नऊ

मृगाच्या आसपास फळलेल्या काळ्या शेळीचे दीडशे दिवस भरत आले. शेपटीच्या दोन्ही बाजूंना खळगे पडलेत, कास तटतटली आहे, दुपारपासून ती कोपऱ्यात पायाने जमीन उकरते. कोरडी पोती, उकळलेला दोरा, आयोडीन, गुळाचं पाणी जवळ ठेवलंय. कळा सुरू होऊन तासभर करडू दिसलं नाही, तर डॉक्टरांना फोन. आलं की नाक पुसायचं, नाळेला आयोडीन, आणि तासाभरात चीक पोटात जायला हवा. उस्मानाबादीला बहुतेकदा जुळी होतात, म्हणून दुसऱ्यासाठीही पोतं आहे.

अकराला मी जाऊन येणार होते, दोनला पुन्हा. मावशी आज वस्तीला इथेच थांबल्या.

"ताई, दोनचा गजर माझ्याकडं द्या. तुम्हाला पहाटे धार हाय."