टोकियो रोझ नावाची कुणी नव्हतीच

दुसऱ्या महायुद्धात शत्रूच्या रेडिओवरून बोलल्याबद्दल ज्यांच्यावर देशद्रोहाचे खटले चालले, त्यांत विल्यम जॉइस सर्वांत कुप्रसिद्ध. बर्लिनहून तो इंग्लंडला हिणवायचा, धमकवायचा. त्याला ‘लॉर्ड हॉ-हॉ’ हे टोपणनाव चिकटलं होतं. कट्टर नाझी आणि ज्यूद्वेष्टा असलेल्या या माणसाची कीव करण्याचं काही कारण नाही. पण खटल्यात एक पेच निघाला. जॉइस ब्रिटिश नव्हताच! 1906 साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये तो जन्मला, तेव्हा बाप अमेरिकन नागरिक होता. मग द्रोह कुणाशी? सरकारी पक्षाने त्याचा ब्रिटिश पासपोर्ट पुढे केला. जन्म आयर्लंडमधल्या गॉलवेचा अशी थाप मारून त्याने तो 1933 मध्ये मिळवला होता. पासपोर्ट आहे तोवर राजाचं संरक्षण, आणि संरक्षण आहे तोवर निष्ठा बंधनकारक, असा युक्तिवाद झाला. मुदत जुलै 1940 मध्ये संपली होती. त्याआधीच्या प्रसारणांसाठीच तो दोषी ठरला आणि 3 जानेवारी 1946 रोजी फासावर गेला.

जॉइसला थाप नडली, आयव्हा तोगुरीला खरेपणा नडला. 4 जुलै 1916 रोजी, म्हणजे ऐन अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, लॉस एंजेलिसमध्ये जन्मलेली ही प्राणिशास्त्राची पदवीधर 1941 मध्ये आजारी मावशीला भेटायला जपानला गेली. पर्ल हार्बर झालं आणि ती तिथेच अडकली. जपानी भाषा धड येत नव्हती. जपानी नागरिकत्व घे म्हणून पोलीस मागे लागले, तरी तिने अमेरिकन नागरिकत्व सोडलं नाही. इकडे अमेरिकेने तिच्या घरच्यांना जपानी वंशाचे म्हणून छावणीत डांबलं होतं.

पोटासाठी ती रेडिओ टोकियोत टायपिस्ट झाली. तिथे युद्धकैद्यांकडून ‘झीरो अवर’ हा कार्यक्रम करवून घेतला जाई. ऑस्ट्रेलियन मेजर चार्ल्स कझेन्स यांनी तिला निवेदनासाठी निवडलं. ‘ऑर्फन ॲन’ या नावाने ती तबकड्या लावायची आणि मधूनमधून थट्टामस्करी करायची. संहिता बहुतेक कझेन्स यांच्याच. प्रचाराची टर उडेल अशा बेताने लिहिलेल्या. काळ्या बाजारातून धान्य, औषधं मिळवून ती कैद्यांना चोरून पोचवत असे.

‘टोकियो रोझ’ हे नाव पॅसिफिकमधल्या अमेरिकन सैनिकांनी पाडलेलं. रेडिओवर ऐकू येणाऱ्या कुठल्याही बाईला ते लागायचं. त्या नावाने कुणीच बोलत नव्हतं. युद्ध संपताच बातमीदार या ‘टोकियो रोझ’ला शोधत आले. मुलाखतीला दोन हजार डॉलर म्हटल्यावर, घरी परतायच्या ओढीने, ‘ती मीच’ असं तोगुरीने लिहून दिलं. पैसे मिळाले नाहीत, अटक झाली. वर्षभराने पुराव्याअभावी सुटली. पण अमेरिकेत परतायची परवानगी मागताच तिथे ओरड उठली आणि 1949 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत खटला उभा राहिला.

अमेरिकन राज्यघटनेनुसार देशद्रोहासाठी एकाच कृत्याचे दोन साक्षीदार लागतात. ते रेडिओ टोकियोतूनच आले: जॉर्ज मित्सुशिओ आणि केनकिची ओकी. दोघेही अमेरिकेत जन्मलेले. मात्र अमेरिकन नागरिकत्व सोडून जपानी झालेले, म्हणून त्यांच्यावर देशद्रोहाचा खटला नाही. कझेन्स तिच्या बाजूने साक्ष द्यायला ऑस्ट्रेलियाहून आले. आठ आरोपांपैकी सात टिकले नाहीत. उरला तो एक: ऑक्टोबर 1944 मध्ये बुडालेल्या जहाजांविषयी ती मायक्रोफोनवर काहीतरी बोलली होती म्हणे. शिक्षा दहा वर्षं, दंड दहा हजार डॉलर आणि जपलेलं नागरिकत्वही गेलं.

चांगल्या वर्तनामुळे सुटका 1956 मध्ये झाली. पुढे शिकागोत वडिलांच्या दुकानात ती काम करू लागली. 1976 मध्ये त्या दोन साक्षीदारांनी ‘शिकागो ट्रिब्यून’च्या बातमीदाराकडे कबूल केलं की दबावाखाली खोटं बोललो. 19 जानेवारी 1977 रोजी, पद सोडण्याच्या आदल्या दिवशी, राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी तिला माफी दिली आणि नागरिकत्व परत मिळालं. ती त्यानंतरही जवळपास तीस वर्षं जगली, शिकागोतच. 2006 च्या जानेवारीत महायुद्धातल्या माजी सैनिकांच्या एका संस्थेने उत्तम नागरिक म्हणून तिचा गौरव केला.