स्नायूंची घडण गर्भातच

करडू बाजारात नेले की गिऱ्हाईक त्याची पाठ व मांड्या चाचपून पाहते. ज्या मांसावर त्याची किंमत ठरते, त्याचा पाया मात्र करडू जन्मण्यापूर्वीच घातला गेलेला असतो. हे कसे घडते, ते पशुपालकांनी समजून घेणे हिताचे आहे.

प्राण्याच्या शरीरातील बहुतेक सर्व पेशींत जनुके सारखीच असतात. तरीही एक पेशी कातडीची होते, तर दुसरी स्नायूची. याचे कारण असे की, पेशीतील काही नियामक प्रथिने मुकादमाप्रमाणे ठराविक जनुकांनाच कामास लावतात. ‘मायोडी’ हे स्नायूंचे असे एक प्रथिन होय. १९८७ साली अमेरिकेतील सिएटल येथील शास्त्रज्ञांनी त्याचा प्रभाव दाखवून दिला. त्याचे जनुक कार्यान्वित केल्यावर उंदराच्या स्नायूखेरीज अन्य पेशीही स्नायुपेशी बनल्या. पुढे १९९३ साली असे आढळले की, मायोडी व त्याचे जोडीदार प्रथिन ‘एमवायएफ-५’ ही दोन्ही नसलेल्या उंदराच्या पिलांत हालचालीचे स्नायूच तयार होत नाहीत. ‘मायोजेनिन’ हे तिसरे प्रथिन त्यापुढील काम पाहते. त्याच्या प्रभावाने अनेक पेशी एकमेकींत मिसळून लांब स्नायुतंतू बनतो.

शेळी-मेंढीचा गर्भकाळ सुमारे १५० दिवसांचा असतो. बहुतेक सर्व तंतू याच काळात तयार होतात. जन्मानंतर त्यांची संख्या फारशी वाढत नाही. आहेत तेच तंतू लांब व जाड होतात. गाभण मेंढीची पहिल्या निम्म्या काळात उपासमार झाल्यास कोकरात तंतू कमी राहतात, असे प्रयोगांत दिसून आले आहे. ही उणीव पुढे कितीही खुराक दिला तरी पुरती भरून निघत नाही.

शेवटच्या दीड महिन्यात गर्भ झपाट्याने वाढतो, म्हणून त्या वेळी खुराक द्यावाच. परंतु दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातही शेळी अर्धपोटी राहू देऊ नये. फाल्गुन-चैत्रात गाभण राहिलेल्या शेळीचा हा काळ नेमका ऐन उन्हाळ्यात येतो व तेव्हा रानात चारा नसतो. यासाठी तुरीचे भुसकट व भुईमुगाचा पाला सुगीतच साठवावा. बांधावर शेवरी, हादगा लावावा.

ग्रामसेवकांनी शेळी भरवल्याची तारीख लिहून ठेवण्याची सवय पशुपालकांस लावावी. तारीख ठाऊक असली म्हणजे कोणत्या शेळीस केव्हा जपावयाचे, हे आपोआप कळते.