इराण्याकडची बीअर

मुंबईत फारसा तामझाम न करता निवांत बसावं, थोडं प्यावं आणि पोटभर खावं अशा जुन्या जागा शोधायच्या तर कुलाबा आणि फोर्ट गाठावं लागतं. लोअर परळच्या बंद गिरण्यांच्या आवारात गेल्या काही वर्षांत पबची रांग उभी राहिली. तिथलं संगीत मोठं आणि बिलही मोठं. फोर्ट-कुलाब्यातली इराण्यांची हॉटेलं त्याहून कितीतरी जुनी आहेत आणि या शहराची खरी ओळख तिथेच होते. ऑफिसातून सुटलेला कारकून, कोर्टातला वकील, परदेशी पाहुणा आणि कविता लिहिणारा माणूस, सगळ्यांना तिथे सारख्याच खुर्च्या मिळतात.

हे इराणी म्हणजे पारशांचेच धर्मबंधू, पण पारशांनंतर अनेक शतकांनी आलेले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून यज्द आणि करमान भागांतली झरतुष्ट्री कुटुंबं छळाला आणि उपासमारीला कंटाळून मुंबईला येऊ लागली. भांडवल थोडं होतं, म्हणून चहा-पावाचा धंदा पत्करला. कोपऱ्याची जागा व्यापाराला अशुभ, अशी तेव्हा अनेक हिंदू दुकानदारांची समजूत होती. त्यामुळे अशा जागा इराण्यांच्या वाट्याला आल्या, असं सांगतात. कारण काहीही असो, फायदा गिऱ्हाइकांचा झाला. दोन्ही रस्त्यांकडून उजेड, दोन्हीकडून वारा, वर उंच छत. आत संगमरवरी टेबलं आणि वाफेने वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या. व्हिएन्नाच्या थोनेट कारखान्याने १८५९ साली बाजारात आणलेला हा खुर्चीचा घाट मुंबईत इतका रुजला की आज तो इराण्याचाच वाटतो.

चहाच्या या हॉटेलांत बीअर राजरोस मिळण्याआधी एक मोठा अडथळा येऊन गेला. मुंबई राज्याने १९४९ साली दारूबंदीचा कायदा केला. शहर तहानलेलंच राहिलं आणि गल्लीबोळांत हातभट्टीचे गुत्ते फोफावले. त्यांतले बरेच ‘आंटी’ म्हणवल्या जाणाऱ्या बायकांचे. साठच्या दशकात बंदी सैल झाली, पण कायदा रद्द झाला नाही. पिणाऱ्याने परवाना बाळगायचा आणि परवानाधारकांसाठी हॉटेलात वेगळी खोली असायची, अशी व्यवस्था झाली. मुंबईतल्या पाट्यांवर दिसणारं ‘परमिट रूम’ त्यातूनच आलं. परवान्याची अट कागदावर आजही कायम आहे. महाराष्ट्रात बीअरसाठी वयाची २१ वर्षं पूर्ण लागतात, व्हिस्की-रमसाठी २५.

फोर्टमधलं १९३३ सालचं ‘कॅफे मिलिटरी’ या साऱ्या परंपरेचा उत्तम नमुना आहे. सजावट जवळपास नाहीच. इथे मागवायचा तो खिमा. साध्या खिम्यात मटण बारीक, मसाला बेताचा, सोबत पाव. खिमा घोटाळा मागवला तर त्याच खिम्यात अंडं फोडून तव्यावर घोटतात. अंडं वेगळं उरत नाही, मसाल्याचा तिखटपणा मात्र त्याने मऊ होतो. पावाच्या तुकड्याने ताटली पुसून घ्यावी असा तो पदार्थ, आणि थंड बीअरबरोबर तर फारच जमतो. सल्ली बोटी या मटणाच्या पदार्थावर बटाट्याच्या बारीक तळलेल्या काड्यांचा ढीग असतो. तो रश्शात भिजून मऊ पडण्याआधी खावा. मराठी वाचकांसाठी या हॉटेलाचं आणखी एक मोल आहे. कवी अरुण कोलटकर आपल्या मित्रांसह काळा घोडा भागातल्या ‘वेसाइड इन’मध्ये दर गुरुवारी बसत. ते बंद पडल्यावर ती बैठक मिलिटरीत हलली. दुपारभर टेबल अडवून बसलेल्या माणसाला कुणी उठवत नाही, ही इराण्याची रीत मराठी कवितेच्याही कामी आली.

कुलाब्यातलं ‘लिओपोल्ड’ १८७१ सालचं. सुरुवातीला तिथे तेलाचा व्यापार होता, हॉटेल नंतर झालं. ग्रेगरी डेव्हिड रॉबर्ट्स यांच्या ‘शांताराम’ कादंबरीमुळे ते जगभर पोहोचलं. २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री अतिरेक्यांनी इथे गोळीबार केला, माणसं मेली. आठवड्याच्या आत हॉटेल पुन्हा उघडलं आणि भिंतींतली गोळ्यांची भोकं मालकांनी बुजवली नाहीत. गर्दी आणि किंमत दोन्ही पर्यटकांच्या बेताची असली, तरी एकदा जाऊन यावंच असं हे ठिकाण आहे. रीगल सिनेमाजवळचं ‘कॅफे मोंडेगार’ १९३२चं. त्याच्या भिंती गोव्याच्या मारिओ मिरांडांच्या चित्रांनी भरल्या आहेत. लांब नाकाची, गोल डोळ्यांची, एकमेकांवर रेलून बसलेली ती गर्दी निरखायची तर भिंतीलगतचं टेबल धरावं. ज्यूकबॉक्स आणि पिचरमधून ओतलेली बीअर ही इथली ओळख.

बॅलार्ड इस्टेटमधल्या ‘ब्रिटानिया’त दारू मिळत नाही, तरीही त्याला वगळून ही यादी पुरी होत नाही. १९२३ सालच्या या हॉटेलात बेरी पुलाव मिळतो. इराणहून येणारी झेरेश्क ही आंबट, सुकवलेली लाल फळं भातावर पेरतात आणि मटणाचा तुपकटपणा ती बरोबर कापतात. सोबत रास्पबेरी सोडा घ्यावा. हॉटेल फक्त दुपारच्या जेवणापुरतं उघडं असतं.

कमी खर्चात बसायचं तर ताजमहाल हॉटेलच्या मागच्या गल्लीतलं ‘गोकुळ’ वर्षानुवर्षं विद्यार्थ्यांचं आणि नोकरदारांचं आवडतं. शेजारीच ‘बडेमियां’चे सीख कबाब भाजले जातात. त्यापलीकडे, उपनगरांत प्रत्येक स्टेशनाबाहेर उडुपी-मंगळूरकडच्या शेट्टींचे बार आहेत. तिथे क्वार्टरसोबत चकणा येतो आणि बहुतेकदा तव्यावरची सुरमईही चांगली मिळते.

इराण्यांची हॉटेलं मात्र झपाट्याने कमी होत आहेत. जुन्या भाड्याच्या जागांचे भाव गगनाला भिडले आणि पुढच्या पिढीने दुसरे व्यवसाय धरले. शेकड्यांनी असलेली ही हॉटेलं आता बोटांवर मोजण्याच्या बेतात आहेत. जी आहेत त्यांच्याकडे जायचं तर फोर्टमध्ये कामाच्या दिवशी दुपार गाठावी, कारण रविवारी तो भाग ओस पडतो. कुलाब्यात आठवडाभर वर्दळ असते. तिथे टेबल हवं तर अंधार पडण्याआधी पोहोचावं.