आबांचा चाकू, पॉलिश पेपर आणि माझा चुकलेला प्रयोग

मागच्या लेखाखाली एकाने विचारलं होतं की संशोधनाचा प्रश्न सापडतो कुठे. आज त्याचं उत्तर माझ्याच एका चुकीतून देते. विषय तसा साधा आहे: खिशातला घडीचा चाकू.

आमचं घर भिगवणजवळ, उजनीच्या फुगवट्याच्या काठावर. आजोबांना आम्ही सगळे आबा म्हणायचो. त्यांच्या बंडीच्या खिशात कायम एक घडीचा चाकू असायचा. लाकडी मूठ, बोटाएवढं पातं, आणि पात्यावर काळपट-निळसर थर. डाळिंबाची गुटी बांधायला, सुतळी तोडायला, आम्हा पोरांना पेरू कापून द्यायला, सगळ्याला तोच. आबा गेल्यावर आज्जीने तो चुन्याच्या डबीसोबत आणि अडकित्त्यासोबत पत्र्याच्या पेटीत ठेवला.

पीएचडीच्या पहिल्या वर्षी विकर्स कठीणता चाचणी शिकत होते. या चाचणीत हिऱ्याचं चौकोनी पिरॅमिडसारखं टोक ठरलेल्या वजनाने धातूवर दाबतात आणि उमटलेल्या ठशाचे कर्ण सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. ठसा जितका लहान, तितका धातू कठीण. मात्र त्यासाठी पृष्ठभाग आरशासारखा गुळगुळीत लागतो. मला वाटलं, सरावाला आबांचा चाकू घेऊ! सुट्टीत पेटीतून काढला, लॅबमध्ये नेला, पॉलिश पेपरने पातं घासलं. आधी जाड, मग बारीक, मग अजून बारीक. पातं लखलखीत झालं. आकडा मिळाला, तो वहीत आहे.

दिवाळीला चाकू परत नेला. आज्जीने उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाली, "ह्यो नवा आणलास व्हय? आन् त्यांचा कुठंय?"

मी सांगितलं की हाच तो. ती काही बोलली नाही. पण चाकू पेटीत परत गेला नाही, स्वयंपाकघरातल्या फळीवर गेला.

पात्यावर नेमकं काय होतं?

आधी माझ्या विषयाचा भाग सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

जुने घडीचे चाकू बहुतेक साध्या कार्बन पोलादाचे असायचे. न गंजणाऱ्या स्टीलमध्ये किमान १०.५ टक्के क्रोमियम असतं, आणि त्याचा अतिशय पातळ ऑक्साइड थर खालच्या लोखंडाला वाचवतो. साध्या पोलादाला ही सोय नसते. ओल मिळाली की त्यावर तांबडा गंज चढतो. हा गंज सच्छिद्र असतो, त्यातून पाणी आत जात राहतं आणि पातं खाल्लं जातं.

काळा थर मात्र वेगळा. डाळिंबाच्या सालीत टॅनिन भरपूर असतं, झाडाच्या सालीतही असतं. टॅनिन आणि लोखंड एकत्र आले की निळसर-काळं आयर्न टॅनेट तयार होतं. हे आपल्याकडे नवं नाही. हिरडा आणि हिराकस वापरून काळी शाई करायचे, त्यात हेच रसायन आहे. हिरड्यातून टॅनिन येतं, हिराकस म्हणजे लोहाचं सल्फेट.

आता गुटी कशी बांधतात ते पाहा. फांदीवरची साधारण बोटाच्या दोन पेरांपेक्षा कमी रुंदीची साल चाकूने गोल कापून काढायची, तिथे ओलं शेवाळ लावायचं, वर प्लास्टिक गुंडाळून घट्ट बांधायचं. काही आठवड्यांनी तिथे मुळं फुटतात. म्हणजे प्रत्येक गुटीला चाकू डाळिंबाच्या ओल्या सालीतून फिरतो. आबांच्या चाकूवरचा काळा थर एका अर्थाने त्यांच्या हंगामांची शाई होती, आणि मी ती अर्ध्या तासात पुसून टाकली.

नाणी जमवणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक असतं. घासून चमकवलेल्या जुन्या नाण्याला जाणकार कमी किंमत देतो. जुने चाकू जमवणारेही पात्यावरचा काळा थर सहसा काढत नाहीत, फक्त तांबडा गंज काढतात. मला हे माहीत नव्हतं असं नाही, पण "घरातला चाकू" आणि "वस्तूंचा अभ्यास" या दोन गोष्टी माझ्या डोक्यात वेगवेगळ्या कप्प्यात होत्या.

मग आज्जीच्या मनातली किंमत मोजायची कशी?

"भावनिक मूल्य" हा शब्द आपण सहज वापरतो. संशोधनात मात्र पहिला प्रश्न असा की ते दिसतं कशात आणि मोजायचं कसं? यावर किमान तीन वाटा आहेत, आणि प्रत्येक वाट वेगळीच गोष्ट मोजते.

पहिली वाट पैशाची. डॅनियल कानमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांनी १९९० मध्ये कॉफीच्या मगांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. काही जणांना मग दिले आणि कितीला विकाल असं विचारलं. इतरांना कितीला घ्याल असं विचारलं. मग तोच, तरी विकणाऱ्यांची किंमत घेणाऱ्यांच्या दुपटीच्या आसपास किंवा त्याहून जास्त निघाली. वस्तू आपली झाली की तिची किंमत आपल्या डोळ्यांत वाढते. पण लक्षात घ्या, हा मग त्यांच्याकडे काही मिनिटांपूर्वी आला होता. त्यात आठवण नव्हती. म्हणजे ही पद्धत "मालकी" मोजते, "आठवण" नाही. आणि आज्जीला कितीला विकशील असं विचारलं असतं, तर उत्तराऐवजी लाटणं आलं असतं.

दुसरी वाट नकलेची. ब्रूस हूड आणि पॉल ब्लूम यांनी २००८ मध्ये तीन ते सहा वर्षांच्या मुलांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. मुलांना एक यंत्र दाखवलं. त्यात वस्तू ठेवली की हुबेहूब दुसरी तयार होते असं भासवलं. साध्या खेळण्याच्या बाबतीत मुलं नवी नक्कल आनंदाने घ्यायची. पण जी मुलं एखाद्या बाहुलीशिवाय किंवा पांघरुणाशिवाय झोपत नाहीत, त्यातल्या काहींनी ती वस्तू यंत्रात ठेवूच दिली नाही. ज्यांनी ठेवू दिली, त्यांच्यापैकी बहुतेकांनी मूळचीच परत मागितली. दोन्ही वस्तू सारख्याच दिसत असतील तर फरक फक्त एकाच गोष्टीत उरतो: त्या वस्तूचा इतिहास.

माझ्या हातून नेमका उलटा प्रयोग घडला होता. हूड आणि ब्लूम यांनी खुणा सारख्या ठेवून इतिहास बदलला. मी इतिहास तोच ठेवला, चाकू तोच, पोलाद तेच, मूठ तीच, आणि खुणा काढून टाकल्या. आज्जीने तो ओळखला नाही. इतिहास असतो वस्तूला, पण तो आपल्याला दिसतो खुणांतून. हे वाक्य मला त्या दिवाळीत सुचलं आणि मी फार खूश झाले.

इथेच थांबा. हा निष्कर्ष कच्चा आहे. का ते मला नंतर कळलं.

तिसरी वाट सरळ विचारण्याची. मिहाय चिकसेंटमिहाय आणि यूजीन रोचबर्ग-हाल्टन यांनी शिकागो परिसरातल्या ८२ कुटुंबांतल्या ३१५ जणांना विचारलं की घरातल्या कोणत्या वस्तू तुमच्यासाठी खास आहेत आणि का. त्यावरचं पुस्तक १९८१ मध्ये आलं. तरुण मुलं बहुतेक वेळा अशा वस्तू सांगायची ज्यांच्याशी काही करता येतं. आजी-आजोबांच्या पिढीकडून फोटोंसारख्या, माणसांची आठवण देणाऱ्या वस्तू जास्त आल्या. एकच चाकू नातवाला अवजार आणि आज्जीला माणूस वाटू शकतो, ते याच अर्थाने.

मग मीही विचारलं. चार-पाच महिन्यांनी, शेंगा फोडत बसलो होतो तेव्हा. "आज्जी, त्या चाकूचा काळेपणा गेला म्हणून तुला वाईट वाटलं ना?"

ती म्हणाली, "काळं काय, पुन्यांदा चढंल. इचारलं न्हाईस तू मला. न इचारता पेटी उघडलीस."

माझा सुंदर निष्कर्ष तिथेच आडवा झाला. आज्जीच्या रागाची दोन कारणं असू शकत होती, खुणा गेल्या हे एक आणि न विचारता नेलं हे दुसरं. माझ्या "प्रयोगात" दोन्ही एकाच वेळी घडली होती. अशा वेळी परिणाम कशामुळे झाला हे सांगताच येत नाही. एकच व्यक्ती, तुलनेला कोणी नाही, दोन कारणं गुंतलेली, आणि मी मला आवडलेलं कारण उचललं. पुढे तुमच्या प्रबंधात हे वेगळ्या नावाने भेटेल, पण चूक हीच असेल.

आणि मग तिने आणखी एक गोष्ट सांगितली, जी मी कधीच ऐकली नव्हती. धरणासाठी गाव उठलं तेव्हा बैलगाडीवर सामान बांधून ते नव्या जागेवर आले. गाडीच्या दोऱ्या ओल्या होऊन आवळल्या होत्या, गाठी सुटेनात. आबांनी ह्याच चाकूने त्या कापल्या. "तिथून हितलं घर सुरू झालं," ती म्हणाली. उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. पाणी खूप ओसरलं की पळसदेवचं जुनं मंदिर बाहेर येतं, लोक बघायला जातात. आमच्या जुन्या घराचं असं वर येणारं काही नाही. चाकू होता.

ही गोष्ट पात्यावरच्या कुठल्याही थरात नव्हती. ती फक्त आज्जीकडे होती.

जमवणं आणि नोंदवणं

पुण्यातलं राजा दिनकर केळकर संग्रहालय तुमच्यातल्या अनेकांनी शाळेच्या सहलीत पाहिलं असेल. पुढच्या वेळी अडकित्त्यांच्या कपाटापाशी थोडं जास्त थांबा. पितळी, लोखंडी, पक्ष्यांच्या, घोड्यांच्या आकाराचे. पान खाणाऱ्या माणसाच्या चंचीत रोज असणारी ही वस्तू. आजच्या भाषेत सांगायचं तर चंची म्हणजे आपल्याकडचा "रोज जवळ बाळगायच्या वस्तूंचा संच". डॉ. दिनकर केळकरांनी असल्या घरगुती वस्तू गावोगाव फिरून जमवल्या, लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव संग्रहालयाला दिलं, आणि १९७५ मध्ये सगळा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या हवाली केला. एका बापाची आठवण अशी हजारो परक्या वस्तूंशी जोडली गेली.

पण प्रत्येक अडकित्त्याचीही आधी कुणाची तरी आठवण असणार. कपाटाच्या काचेतून ती दिसत नाही. आकार दिसतो, धातू दिसतो, घडवणाऱ्याची करामत दिसते. वापरणाऱ्याची गोष्ट तेव्हाच उरते जेव्हा वस्तू घेताना कुणीतरी लिहून ठेवते. संशोधनात याला वस्तूची पूर्वपीठिका म्हणू शकतो: कुणाकडून, कुठून, कधी, कशासाठी वापरलेली. संग्रह आणि ढीग यात फरक या नोंदीचाच.

तुम्हाला संशोधनाचा सराव करायचा असेल तर घराजवळच सुरू करा. भिगवण परिसरातच पाहा: मासे साफ करणाऱ्यांच्या सुऱ्या आहेत, गुटी बांधणाऱ्यांचे चाकू आहेत, म्हाताऱ्यांच्या चंचीतले अडकित्ते आहेत. दहा जणांशी बोला. माझ्या चुकांवरून एवढं सांगते:

१. आधी परवानगी. वस्तूला हात लावण्याआधी विचारा, फोटोलाही विचारा.

२. काहीही पुसण्याआधी, घासण्याआधी, मोजण्याआधी फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवून. माझ्याकडे कठीणतेचा आकडा आहे, पण पात्याचा आधीचा एकही फोटो नाही.

३. किंमत शेवटी विचारा, किंवा विचारूच नका. आधी विचारली की समोरच्याला वाटतं तुम्ही विकत घ्यायला आलात, आणि पुढची सगळी उत्तरं बदलतात.

४. "याच्याशी तुमची भावना काय?" असं विचारू नका. "हा पहिल्यांदा कधी वापरला?", "हरवला होता का कधी?", "तुमच्यानंतर कुणाकडे जाईल?" असं विचारा. गोष्टी आपोआप येतात.

५. उत्तर त्यांच्या शब्दांत लिहा. "न इचारता पेटी उघडलीस" याचं मी वहीत "परवानगीचा अभाव" असं केलं होतं. वाचताना लाज वाटली, खोडलं.

आता चाकूचं काय झालं ते सांगून थांबते. गेल्या हंगामात आज्जीने फळीवरचा चाकू काकांना दिला, ते गुटी बांधतात. मागच्या आठवड्यात पाहिला तर धारेजवळ निळसर डाग दिसायला लागलेत. या वेळी आधी आज्जीला विचारलं, मग काकांना, मग पट्टी ठेवून फोटो काढला. फोटोखाली तारीख लिहिली, आणि त्याखाली दोऱ्यांची गोष्ट.